आरएक्स, येझदी, बुलेट: भाव उतरलाय, पण नेमका कशाचा?

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात दोन भाव चालतात. एक जाहिरातीतला, दुसरा गाडी प्रत्यक्ष सुटते तो. चार-पाच वर्षांपूर्वी या दोहोंत फारसं अंतर नव्हतं, कारण यामाहाची आरएक्स १०० धड दिसली की फोनवरच टोकन पडायचं. आता तीच जाहिरात महिनोन्महिने फिरते, फोटो तेच राहतात आणि आकडा हळूहळू खाली येतो. 'भाव पडले' म्हणतात ते हे. पण सगळ्या गाड्यांचा भाव सारखा पडलेला नाही, आणि स्वस्त झालेली प्रत्येक गाडी स्वस्त पडतेच असंही नाही.

मुळात तो चढला का होता ते पाहू. आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, बंद झाली १९९६ मध्ये. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि अंगानं हलकी. कॉलेजात असताना ती परवडली नाही अशी एक अख्खी पिढी लॉकडाऊननंतरच्या दोन वर्षांत हातात पैसे घेऊन बाजारात उतरली. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचं कुलूपही १९९६ चंच, त्यामुळे येझदीचीही तीच कथा. एस्कॉर्ट्‌सची राजदूत ३५० तर १९८३ मध्ये येऊन दशक संपेपर्यंत संपलीसुद्धा. गाड्या मोजक्या आणि गिऱ्हाईक एकदम आलं. मग गोदामात सडलेले सांगाडे उचलून, पावडर कोट मारून, स्टिकर लावून 'फुल रिस्टोअर्ड' म्हणून विकणारे आले. चढलेल्या भावातला मोठा वाटा या तयार केलेल्या गाड्यांचा होता, आणि आज खाली येतोय तोही मुख्यतः त्यांचाच.

उतरण्याची कारणं साधी आहेत. ज्यांना घ्यायची होती त्यांनी घेतली. त्यांच्या मुलांना ड्रम ब्रेकची गाडी नको आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. डिस्क ब्रेक, एबीएस, सेल्फ स्टार्ट आणि वॉरंटीसकट नवी क्लासिक ३५० किंवा नवी जावा समोर उभी असताना हौसेखातर जुन्या बुलेटला लाख-दीड लाख मोजायला माणूस दोनदा विचार करतो. त्यात जुनी गाडी नुसती बाळगण्याचा खर्चही वाढला. २०२१ च्या अधिसूचनेनं दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ती २,००० झाली. शिवाय दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर असलेल्या बंधनांमुळे तिकडचा माल एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन इतर राज्यांत येतो. तो स्वस्त दिसतो. का दिसतो, ते पुढे येईलच.

आता मुद्द्याचं. उतरलेल्या भावात गाडी घ्यायची तर आधी कागद, मग क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनाचा दांडा) आणि शेवटी रंग, या क्रमानं पाहावं. बाजार बरोबर उलटं दाखवतो.

कागदांपासून सुरुवात

पहिली पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागतं. बहुतेक जुन्या गाड्यांचं ते चुकलेलं असतं. दुचाकीला उशिराच्या प्रत्येक महिन्यासाठी (अर्धवट महिनाही पूर्ण धरून) ३०० रुपये जादा फी आहे. पासिंग मार्च २०२१ मध्ये संपलं आणि अर्ज मार्च २०२६ मध्ये केला तर साठ महिन्यांचे १८,००० रुपये झाले. त्यावर नूतनीकरणाचे २,०००, महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटीचे ४५० अधिक जीएसटी. थर्ड पार्टी विमा २०२२ पासूनच्या दरानं आरएक्सला ७१४ आणि येझदी, बुलेट, राजदूत ३५० यांना १,३६६ रुपये, त्यावर कर. म्हणजे 'पेपर थोडे लॅप्स आहेत, होऊन जातील' या एका वाक्याची किंमत वीस हजारांच्या पुढे जाते. ज्या गाडीचं पासिंग चालू आहे ती पंधरा हजारांनी महाग असली तरी स्वस्तच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे गाडी सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत नसणं. १९८९ पूर्वीचे तीन अक्षरी नंबर, किंवा नव्वदच्या दशकातले काही एमएच नंबर, अजून हाताच्या रजिस्टरमध्येच राहिलेले सापडतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून 'नोंद आढळली नाही' असं आलं, तर आधी त्या आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय एचएसआरपी नाही, ऑनलाइन विमा नाही, हस्तांतरणही नाही. जुनं पुस्तकी आरसी हातात असेल तर हे काम होतं. ते हरवलेलं असेल आणि रजिस्टरचं पानही सापडत नसेल, तर त्या गाडीला पार्ट्‌सचा भाव द्यावा, गाडीचा नाही.

हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. बाजारात गाडी कोऱ्या सह्यांच्या २९-३० वर तीन हात फिरलेली असते आणि आरसीवरचा पहिला मालक कधीच वारलेला असतो. कोऱ्या सह्यांवर जाऊ नका. मालक हयात असेल तर त्यालाच प्रत्यक्ष भेटा. नसेल तर आधी फॉर्म ३१ नं, मृत्यूदाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून, गाडी एका वारसाच्या नावावर होऊ द्या आणि मगच तुमच्या. लॅप्स गाडीचं री-पासिंगही विकणाऱ्याच्याच नावावर, त्याच्याच खर्चानं होऊ द्यावं. भाव त्यानंतरचा ठरवावा. 'तुम्ही करून घ्या, मी दहा हजार कमी करतो' यात फायदा कोणाचा, हे वरच्या हिशेबावरून कळतंच.

दिल्लीहून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीची फॉर्म २८ ची एनओसी मूळ आरटीओकडून निघालेली आणि ऑनलाइन दिसणारी हवी. ॲपवर 'डी-रजिस्टर्ड' दिसलं तर विषय संपला. सगळं नीट असलं तरी इथे आल्यावर कर भरून नवा एमएच नंबर पडतो, म्हणजे जुन्या नंबराचं मोल जातं. कर्नाटक, गोव्याच्या गाड्यांनाही हेच लागू. महाराष्ट्रात पहिल्यापासून नोंदलेली, पहिलाच नंबर टिकवलेली गाडी चार पैसे जास्त भाव खाते ती याच कारणानं, आणि तिचा भाव फारसा उतरलेलाही नाही.

'व्हिंटेज नंबर' हाही अलीकडे विक्रीचा मुद्दा झालाय. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती-देखभाल, तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. जुना नंबर असलेल्या १९७० च्या जावाला तोच नंबर ठेवून साधं री-पासिंग करता येतं आणि ती कुठेही चालवता येते. चालवायला घेणाऱ्यानं व्हीए नंबरासाठी जादा पैसे मोजायचं काही कारण नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नुसते वाचू नका. पेट्रोलच्या फडक्यानं ग्रीस पुसून त्यावर कागद धरा आणि पेन्सिलनं ट्रेस घ्या. कारखान्याच्या पंचिंगमध्ये सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. ग्राइंडरनं घासून नव्यानं पंच केलेल्या जागी ॲल्युमिनियमचा खडबडीत ओतीव पोत नाहीसा होऊन गुळगुळीत खळगा दिसतो, आकडे पुढे-मागे असतात. नंबराच्या पट्टीवरच जाड पावडर कोट असेल तर तो काढायला सांगा, नाही म्हटला तर निघा. यातून दुरुस्तीचा मार्ग नाही. छेडलेला नंबर हा थेट पोलिसांचा विषय आहे.

मग इंजिन

आरएक्स, येझदी, राजदूत ३५० या टू-स्ट्रोक. अशा इंजिनात तेल-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या कवचात) येतं आणि तिथून वर जातं. म्हणून क्रँकचे दोन सील हे त्या इंजिनाचे प्राण. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्यांची रबरी ओठं कडक होऊन भेगाळतात. आरएक्समध्ये क्लच उजवीकडे, मॅग्नेटो (वीज बनवणारा भाग) डावीकडे. येझदी-जावात याच्या उलट. क्लचच्या बाजूचा सील गेला की इंजिन गिअर ऑइल ओढतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नाही, प्लग ओला निघतो आणि बाहेर गळती नसताना ऑइल लेव्हल कमी होते. हे त्रासदायक आहे, घातक नाही.

घातक ते मॅग्नेटोच्या बाजूचं. तिथून कोरडी हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. स्लो स्पीड वर-खाली होतो, रेस सोडली तरी आरपीएम खाली यायला वेळ घेतो. मेकॅनिक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून ते झाकतो. विकत घेऊन हायवेला घातली की पिस्टन सीज, म्हणजे जागीच जाम. जाहिरातीत 'ट्युनिंग बाकी आहे' लिहिलेल्या गाड्यांत हा दोष वारंवार निघतो.

खात्री करायची तर प्रेशर टेस्ट. एक्झॉस्टचं तोंड रबरानं बंद, इनटेकचं तोंड बंद, पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून हातपंपानं ६ पीएसआय हवा भरायची. त्याहून जास्त नको, नाहीतर चांगला सीलही उलटतो. सहा मिनिटांत दाब मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त पडू नये. पडला तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे कुठे येतात ते पाहा: ब्लॉकच्या बुडाशी, क्रँककेसच्या जोडावर की मॅग्नेटोमागे. सीलची जोडी स्वस्त असते. महाग पडतं ते इंजिन खोलणं, म्हणून सील घालायला खोललंच तर बेअरिंगही त्याच वेळी बदलावेत.

पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची तपासणी पाच मिनिटांची आहे. प्लग काढा, पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर आणा, मॅग्नेटोच्या नटाला पाना लावून अगदी थोडं पुढे-मागे करा. मध्ये मोकळी जागा आणि 'टक्' असा धक्का जाणवला तर बिग एंड (रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलेलं. हेड उघडू देत असतील तर पिस्टन एका बोटानं खाली दाबून धरून क्रँक हलवा, उभी ढिलाई शून्य हवी. आडवी थोडी असतेच, ती दोष नव्हे. नवा रॉड किट प्रेसवर बसवला की क्रँक सेंटरवर धरून डायल गेजनं सरळ करावा लागतो. ०.०३ मिलिमीटरच्या आत आणणारा लेथवाला शोधा. हातोडीनं अंदाजे ठोकून 'सरळ' केलेल्या क्रँकची गाडी साठला फूटरेस्ट झिणझिणवते आणि नवे बेअरिंग काही महिन्यांत खाते.

बोअरचंही (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचंही) तसंच. आरएक्स १०० चा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर. पिस्टन ०.२५ च्या पायऱ्यांनी १.०० पर्यंत ओव्हरसाइज मिळतात. हेडचे चार नट काढले की पिस्टनच्या डोक्यावर कोरलेला साइज दिसतो. ०.५० असेल तर अजून दोनदा बोअर मोठा करता येतो. १.०० असेल तर पुढच्या वेळी लायनर किंवा दुसरा ब्लॉक. मूळ ब्लॉक दुर्मीळ झालेत, त्यामुळे ही एक ओळ भावात मोठा फरक पाडते. आरएक्स १०० म्हणून आरएक्स १३५ चा ब्लॉक बसवलेली गाडी गळ्यात मारतात, तीही इथेच पकडली जाते. १३५ चा बोअर ५८ मिलिमीटर, पट्टीनंसुद्धा कळतो. ती पळते छान, पण आरसीवर ९८ सीसी लिहिलेलं असतं.

येझदीत आणखी एक पाहायचं. किक आणि गिअरचा दांडा एकच. तो किकच्या जागी नेऊन किक मारताना घसरत असेल तर दांड्याच्या खाचा (स्प्लाइन) किंवा आतला रॅचेट झिजलेला. किक न मारता ढकलून सुरू करून दाखवणारा विक्रेता बहुधा हेच लपवत असतो. दोन्ही सायलेन्सरमधून धूर सारखा यायला हवा. एकातून कमी आला तर आत कार्बन बसलाय, तो खरवडून निघतो, त्यावरून भाव पाडू नका.

कास्ट आयर्न बुलेटबद्दल फार लिहायला नको. ३४६ सीसी, ७० बाय ९० चं इंजिन दशकानुदशकं जवळपास तसंच निघत राहिलं, गाड्या उदंड आहेत, पार्ट्‌स मिळतात. म्हणूनच नव्वदच्या दशकातल्या साध्या स्टँडर्डला क्रोम चढवून 'व्हिंटेज' म्हणत लावलेला भाव सगळ्यात आधी कोसळला, आणि ते बरंच झालं. रेस सोडल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. बरेच दिवस उभी राहिल्यावर ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं, त्यामुळे पहिल्या किकला धूर येऊन मग थांबला तर घाबरू नका.

राजदूत ३५० ची गोष्ट निराळी. ३४७ सीसी ट्विन, सहा गिअर, आधी ३०.५ अश्वशक्तीची हाय टॉर्क आणि नंतर २७ ची लो टॉर्क. मूळ पार्ट्‌ससकट असलेल्या हाय टॉर्कचा मालक भाव उतरवत नाही, कारण त्याला विकायचीच नसते. बाजारात उतरतात त्या एकाचे सिलिंडर, दुसऱ्याची फ्रेम अशा जोडगाड्या. या गाडीला ऑटोल्यूब (तेल आपोआप मिसळणारा) पंप असतो. तो काढून टाकीत तेल मिसळायची सवय असलेल्या गाडीत मालकाला मिसळीचं प्रमाण विचारा. उत्तर अडखळत आलं तर दोन्ही पिस्टन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ई२० नं झालेला घोळ

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. भाव उतरायला हेही एक कारण झालं, जरा जास्तच भीतीनं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. गंजलेल्या टाकीला आतून इपॉक्सी लावून विकलेल्या गाड्यांत तो थर सुटून त्याची साल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकते. म्हणून टाकीत टॉर्च मारून पाहा. लालसर गंज एकवेळ चालेल, सोलपटलेला थर नको.

उपाय कठीण नाहीत. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि फ्लोट बाउलचं गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटन रबराचं घ्यावं. मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहावा: मातकट तपकिरी ठीक, पांढरा पडला तर आणखी एक नंबर. जुन्या येझदीला लिटरला ३० ते ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल), आणि तेल घातल्यावर टाकी नीट हलवणं. आठवड्याहून जास्त उभी ठेवायची तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे बाउल कोरडा होतो. पावसाळाभर ठेवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी.

भाव ठरवताना

विक्रेत्यानं रिस्टोरेशनला किती घातले याच्याशी घेणाऱ्याचा संबंध नाही. बाजारातलं क्रोम एका पावसाळ्यात फुटतं, बाजारातले मडगार्ड मूळ पत्र्यापेक्षा पातळ असतात. त्यामुळे मूळ रंग उडालेली, मूळ मीटर, मूळ स्विच, मूळ सायलेन्सर असलेली गाडी चकचकीत गाडीपेक्षा महाग मागितली तरी द्यावी. ज्या गोष्टी आता कुठेच मिळत नाहीत त्या तिच्यावर असतात. चकचकीत गाडीला मात्र सांगाड्याचा भाव धरून, वर चालू इंजिनाचे आणि चालू पासिंगचे तेवढे वाढवावेत. टायरवरची चार आकडी तारीख पाहा: '२३१६' म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी तो टायर टाकाऊ, त्याचेही पैसे वजा.

खरेदीला जून ते ऑगस्ट बरा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. जावा-येझदीवाल्यांनी जुलैचा दुसरा रविवार तेवढा जाऊ द्यावा. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय जावा दिन असतो आणि मेळाव्यात उभ्या गाडीचा आकडा उगाच फुगतो.

विकणाऱ्यांना आत्ता रंगकाम करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्याऐवजी तेच पैसे री-पासिंग आणि एचएसआरपीला घाला आणि काढून ठेवलेले मूळ पार्ट्‌स खोक्यात भरून गाडीसोबत द्या. गाडी हाती देताना तारीख आणि वेळ टाकलेल्या डिलिव्हरी नोटवर घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. फॉर्म २९ ची सूचना चौदा दिवसांत आरटीओला स्वतः द्या. नाव बदलेपर्यंत येणारं प्रत्येक ई-चलान तुमच्याच मोबाइलवर येणार आहे.